एक जूनची माणसं

त्या काळात मला शंका घेण्याचा पगार मिळत होता. घरी याच सवयीबद्दल मी लहानपणापासून बोलणी खाल्ली होती. "हिला सगळ्यात 'का' हवं असतं," असं आई म्हणायची, आणि मी लगेच विचारायची, "का नको?" पुढे कुणीतरी याच गोष्टीसाठी आपल्याला खुर्ची आणि टेबल देईल, असं वाटलं नव्हतं.

ऑफिस जळगावात, एका पाइपच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. इंटरनेट हा शब्द पेपरात रोज यायचा आणि आमच्या फोनच्या लाइनीत क्वचित. आमचा मोडेम लाइन धरताना असा किंचाळायचा की खालचे दुकानदार रस्त्यावर येऊन वर बघायचे. मालकांना आम्ही सर म्हणायचो. जळगावच्याच सराफी घरातले, शिकायला पुण्याला गेलेले आणि जगाचं काम आता इथे बसून करता येईल अशा खात्रीने परत आलेले. माझ्याहून थोडेसेच मोठे. माणूस हुशार होता, फक्त स्वतःच्या हुशारीवर त्यांचा जरा जास्तच जीव होता.

सरांनी एक लायब्ररी लिहायला घेतली होती. पुस्तकांची नव्हे, फंक्शनांची. फंक्शन म्हणजे एकच बारकं काम करणारा प्रोग्रॅमचा तुकडा. स्वयंपाकघरात जशी गाळणी असते, झारा असतो, सांडशी असते, तशी ही हत्यारं. एक नावाच्या मागच्यापुढच्या मोकळ्या जागा काढायचं. एक तारीख सरळ करून द्यायचं. एक जन्मतारखेवरून वय सांगायचं. वेबवर चालणारा कुठलाही प्रोग्रॅम करायचा झाला की हीच हत्यारं पुन्हा वापरायची, असा सरांचा बेत होता.

ती लिहायचे सर. मी दोन कामं करायची. प्रत्येक फंक्शनची माहिती लिहायची: त्याला काय द्यायचं, ते काय करतं, परत काय देतं आणि कुठे अडतं. आणि ते खरंच तसं वागतं का ते तपासायचं. उत्तर आधी आपण ठरवायचं, मग फंक्शनला विचारायचं आणि दोन्ही जुळतात का बघायचं.

मला या कामात भलतीच मजा यायची. तारखेच्या फंक्शनला मी तीस फेब्रुवारी दिली, तर त्याने काही कुरकुर न करता दोन मार्च काढून दिली. वयाच्या फंक्शनला न जन्मलेल्या माणसाचं वय विचारलं, ते उणे तीन म्हणालं. मोकळ्या जागा काढणाऱ्याला मी नुसत्या मोकळ्या जागाच खाऊ घातल्या, तेव्हा सगळा प्रोग्रॅमच आडवा झाला.

"असं टाइप करणार कोण आहे?" सर वैतागून म्हणाले.

"मी केलं की."

ते हसले आणि दुरुस्तीला बसले. ही त्यांची चांगली गोष्ट होती. वैतागायचे, पण बसायचे.

आमचं पहिलं मोठं गिऱ्हाईक धुळ्याची एक शिक्षणसंस्था होती. तिच्या नर्सिंगच्या कोर्सला मुलींचे अर्ज धुळ्याला आणि शिरपूरला, दोन्हीकडे घेतले जायचे. तिथले ऑपरेटर ते ब्राउझरमधल्या पानावर भरायचे आणि लाइन असेल तेव्हा आमच्याकडे पाठवायचे. अडचण एकच होती. मुलींचे वडील धास्तावलेले असायचे. एक अर्ज हरवला तर दुसरा असावा म्हणून दोन्ही गावांना भरायचे. एकाच मुलीला दोनदा मुलाखतीला बोलावलं तर दुसऱ्या कुणाची तरी खुर्ची जाणार. म्हणून सरांनी एक नवं फंक्शन लिहिलं. त्याला दोन अर्ज द्यायचे, ते सांगणार, मुलगी एकच आहे की दोन. एकच निघाली तर नंतरचा अर्ज ठेवायचा आणि आधीचा काढून टाकायचा.

मी त्याची माहिती लिहायला घेतली. मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव आणि जन्मतारीख या पाचही गोष्टी जुळल्या तर मुलगी एकच. वाक्य पुरं झालं, आणि तेच मला खुपायला लागलं.

"सर, जन्मतारीख यात धरू नका," मी म्हणाले.

"का?"

"माझी कागदावरची जन्मतारीख एक जून आहे. माझ्या वर्गात निम्म्याहून जास्त पोरांची एक जून होती. आमच्या गावात अख्खी आळी एक जूनला जन्मलीय."

सर जळगावच्या दवाखान्यात जन्मलेले. वेळसुद्धा मिनिटापर्यंत लिहिलेली. त्यांना हा विनोद माहीत होता, पण विनोद म्हणूनच. ते म्हणाले, "बरं, तारीख सोडून दे. उरलेल्या चार जुळून माणसं दोन निघतील? शंकेचीसुद्धा काही हद्द असते. पुरावा आण. टेस्ट म्हणजे पुरावा."

बोलणं चोख होतं, त्यामुळे मला आणखीच राग आला.

फंक्शनने एकच मुलगी ठरवलेल्या अर्जांच्या जोड्या मी काढून बघितल्या. बहुतेक खरोखर एकाच मुलीच्या होत्या. एका जोडीवर मात्र मी अडले. पिंपळनेरच्या पुढचं एक गाव. पाचही गोष्टी जुळलेल्या, तारीख अर्थातच एक जून, पण बारावीच्या मार्कांत थोडा फरक. सर म्हणाले, ऑपरेटरची बोटं, दुसरं काय. असेलही. पण नसेल तर? मुलाखत येत्या सोमवारी होती. त्या गावात खरंच दोन मुली असतील, तर एकीला बोलावणं गेलेलंच नव्हतं, आणि तिला ते कधी कळणारही नव्हतं.

"एवढ्यासाठी पिंपळनेरला कोण जाणार?" सर म्हणाले.

"मी."

माझं माहेर धुळ्याजवळच. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, नुकतेच निवृत्त झालेले. शनिवारी मी घरी पोचले, पाय धुतले, त्यांना धरून बसवलं आणि घरच्या अहिराणीत विचारलं, "नाना, ह्या एक जूनना खेय काय शे?"

नाना आधी हसले, मग गुन्हा कबूल करायला बसल्यासारखे मांडी घालून बसले. "जून महिनामा शाळा उघडे, बाई. मी घरोघर फिरीसन पोरं गोया करू. मायले इचारू, पोर कव्हय व्हयनी? एक सांगे, कपाशी येचाना टाइमले. दुसरी सांगे, आखाजीना आदला दिन. कोनता सालनी आखाजी, ते तिले बी ठाऊक नही. रजिस्टरमा कपाशी कशी लिखू?"

"मंग?"

"मंग काय! सहा वरीसनं पोर दिखनं का लिख एक जून. बठ्ठासले एकच."

"मनी बी? मनी खरी तारीख तर तुमले माहीत व्हती."

"माहीत व्हती. पन वय दोन महिना कमी भरे. आनि घरमा तू का, का करीसन मना जीव खाये. धाडी दिधी शाळामा."

म्हणजे सरकारदरबारी मी दोन महिने मोठी, तेही या तोंडापायी. मला हसू आवरेना. त्या संध्याकाळी मी त्यांना खोदून खोदून विचारत बसले. किती गावांत शिकवलं, कुणाची खरी तारीख लिहिली, कुणी कधी भांडायला आलं का. नानांनी नुसत्या एका सहीने किती माणसं एका दिवशी जन्माला घातली होती, याचा त्यांनाही कधी हिशेब लागला नसता. पिंपळनेरची गोष्ट सांगितली, तेव्हा मात्र ते गंभीर झाले. "एकटी कोठे जास? मी येस," म्हणाले.

रविवारी सकाळी आम्ही एसटीने निघालो. साक्री, पिंपळनेर, आणि पुढे एका जीपमधून गुडघे पोटाशी घेऊन. पेरण्या आटोपल्या होत्या, त्यामुळे गावात माणसं सापडतील असा नानांचा होरा होता. पिठाच्या गिरणीपाशी एक बाई डबा घेऊन उभी होती. नानांनी तिला "अक्का" म्हणून हाक मारली आणि मुलीचं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांसकट, आडनावासकट.

बाई म्हणाली, "कोनती? साक्रीवालीनी का शिरपूरवालीनी?"

मी आनंदाने अक्षरशः टाळी वाजवली. आणि दुसऱ्याच क्षणी माझी मलाच लाज वाटली. माझी शंका खरी ठरली, याचा अर्थ इथे कुणाचं तरी नुकसान झालं होतं.

गावाच्या लेखी यात कोडं नव्हतंच. सासरी आलेल्या बाईला तिच्या माहेरच्या गावावरून ओळखायचं, ही आमच्याकडची रीतच. साक्रीवाली, शिरपूरवाली. आणि पोरांना आयांवरून. त्या बाईने आम्हाला शिरपूरवालीच्या अंगणात नेऊन सोडलं. एक मुलगी ओट्यावर सूप घेऊन ज्वारी पाखडत होती. पाहुणे बघून ती उठली आणि आत पाणी आणायला गेली.

तिच्या आईने सगळं सांगितलं. दोन्ही मुलींचे बाप सख्खे चुलतभाऊ. त्यांचे आजोबा वारल्यानंतर दोघंही जन्मले, म्हणून दोन्ही घरांनी आजोबांचंच नाव ठेवलं. पुढे दोघांना एकाच साली मुली झाल्या. तेव्हा नुकतीच आजी गेली होती. तिचं नाव आपल्या घरात असावं असं दोन्ही घरांना वाटलं, आणि कुणीच माघार घेतली नाही. साक्रीवालीची मुलगी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला झाली, हिची श्रावणात, कानबाईच्या दिवसांत. दोघींना शाळेत एकाच दिवशी एकाच मास्तरांनी घातलं.

"एक जून," मी म्हणाले.

"तेच," आई म्हणाली. नाना आपल्या चपलांकडे बघत बसले. ते मास्तर नाना नव्हते, पण असू शकले असते.

अर्ज भरायला साक्रीवाली लेकीला घेऊन धुळ्याला गेली होती आणि शिरपूरवाली माहेरी शिरपूरला. मग पोस्टमन एकच पाकीट घेऊन आला. दोघींपैकी कोणाचं, हे त्यालाही सांगता येईना. दोन्ही घरं एकत्र बसली. साक्रीवालीच्या मुलीला थोडे मार्क जास्त होते, म्हणून बोलावणं तिचंच असणार असं ठरलं. भांडण नाही, तंटा नाही. मला तर त्यांनी कचाकचा भांडायला हवं होतं असं वाटलं.

तेवढ्यात ती मुलगी पाणी घेऊन आली. आई तिच्याकडे न बघता म्हणाली, "हिना बाप म्हने, नंबर लागना तर शिकाडसू, नही तर लगीन. पुढला आइतवारले पाव्हना येवाव शेतस."

मुलीने मला तांब्या दिला आणि हळूच विचारलं, "ताई, कॉम्प्युटरनी माले नापास कयं का?"

ते फंक्शन माझं नव्हतं, पण त्याच्या माहितीतलं वाक्य माझ्या अक्षरातलं होतं. मी म्हणाले, "नही वं. त्याले तू दिखनीच नही."

"पन मी तर शे," ती म्हणाली.

पलीकडच्या घरातून दुसरी आली. तिला आमच्या येण्याचं कारण कळलं, तेव्हा ती सरळ खाली बसली आणि रडायला लागली. पाकीट आल्यापासून चुलत बहिणीच्या डोळ्याला डोळा देता येत नव्हता तिला, असं तिने सांगितलं. शिरपूरवालीकडे साखर नव्हती, म्हणून तीच घरी जाऊन घेऊन आली, आणि मग चहा झाला.

पिंपळनेरच्या एसटीडी बूथवरून मी सरांना घरी फोन लावला.

"पाचही जुळतात?" सरांनी विचारलं.

"पाचही."

"आणि मुली दोन आहेत?"

"एकीच्या हातचा चहा पिऊन आले. साखर दुसरीच्या घरची होती."

बूथवाला मीटरकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होता. मला वाटलं आता सर ऑपरेटरवर ढकलतील, मुलींच्या वडिलांवर ढकलतील. पण ते म्हणाले, "मग मी काय ताडून बघायला हवं होतं?"

"आई."

"अर्जात आईचं नाव कुठे असतं?"

"नसतं. पण गावात सगळे तेच ताडून बघतात."

"उद्या सकाळी मी धुळ्याला येतो," सर म्हणाले. "दोघींना आण. आणि त्यांच्या आयांनाही आण." आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांच्याविषयी निखळ आदर वाटला, आणि मी तो त्यांना कधी बोलून दाखवला नाही. आधीच डोक्यावर बसलेला माणूस.

परत गावात जाऊन शिरपूरवालीच्या नवऱ्याला राजी करायचं काम नानांनी केलं. तो माणूस म्हणत होता, पाकीट एक आलं, म्हणजे जागा एक. दोन घेऊन गेलो तर हसं होईल, आणि कुणी सांगावं, पहिलीचं बोलावणंही जाईल. ती भीती खोटी नव्हती. नाना त्याला भाऊ, भाऊ म्हणत बैलांवर बोलले, पावसावर बोलले, आणि शेवटी म्हणाले, "भाऊ, पोरी तर दोन शेतस ना? मंग चाला."

सोमवारी संस्थेच्या व्हरांड्यात आम्ही सगळे लांब बाकावर बसलो होतो. दोन्ही मुली एकमेकींना खेटून, दोन्ही बाजूंना आया, टोकाला नाना. सर कडक इस्त्रीच्या शर्टात आत गेले, ते लवकर बाहेरच येईनात. दार उघडं होतं, त्यामुळे तुकडे ऐकू येत होते. मुलाखत घेणाऱ्या समितीतले एक गृहस्थ म्हणत होते, ज्यांना बोलावलं नाही त्यांना कसं घ्यायचं, उद्या गावोगावच्या येतील. सर म्हणाले, "बोलावलं नाही, कारण आमच्या प्रोग्रॅमने तिचा अर्ज खोडला. चूक तिची नाही, माझी आहे." आवाज नेहमीचा नव्हता. मग दार लोटलं गेलं.

बसवेना म्हणून मी पिशवीतला पेपर काढला आणि त्याच्या कडेला टेस्ट लिहायला लागले. अर्ज पहिला, अर्ज दुसरा. पाचही गोष्टी त्याच. अपेक्षित उत्तर: दोन. आम्ही परत जळगावला जाऊन ही टेस्ट चालवली की ती नापास होणार, हे मला माहीत होतं, आणि मला ती नापास झालेली बघायची घाई झाली होती. शेजारून शिरपूरवालीची मुलगी वाकून बघत होती.

"हाई काय शे?" तिने विचारलं.

"तू शे," मी म्हणाले. "आनि ती."

तिने दोन्ही ओळी वाचल्या. "सारख्याच तर शेतस," ती म्हणाली.

सर बाहेर आले. मी भुवया उंचावल्या. त्यांनी खांदे उडवले. समितीने हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. बघतो म्हणाले होते. बघतो म्हणजे काय ते मास्तरकी केलेल्या नानांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

मुलाखती सुरू झाल्या. शिपाई दारात येऊन नाव पुकारायचा, मुलगी आत जायची. बऱ्याच मुलींनंतर त्याने आमच्या मुलींचं नाव पुकारलं. दोघी एकदम उठल्या. शिपाई म्हणाला, "एकजणच. पाकीट कोणाकडे आहे?" साक्रीवालीच्या मुलीने पाकीट दाखवलं. तिने एकदा मागे वळून बघितलं आणि ती आत गेली. दुसरी उभीच राहिली. आईने पदर धरून खाली ओढलं, तेव्हा बसली.

दाराआड बोलण्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मी मनात म्हणत होते, यादी पुढे सरकली, दुसऱ्या कुणाचं नाव आलं की संपलं, मग पुढला रविवार आणि पाहुणे.

दार उघडलं. शिपाई बाहेर आला, हातातल्या कागदावर हाताने लिहिलेलं काहीतरी त्याने नीट वाचलं, आणि नाव पुकारलं. तेच नाव, तेच वडिलांचं, तेच आडनाव, तेच गाव.

ती उठली नाही. सवयीने तिने शेजारी बघितलं, चुलत बहिणीला बोलावत असतील म्हणून. बाकावर तिथली जागा रिकामी होती. आत गेलेली अजून बाहेर आली नव्हती. व्हरांड्यात त्या नावाचं दुसरं कुणीच नव्हतं, आणि हे तिच्या ध्यानात येताना मी बघितलं. तिने पदर आईच्या हातातून सोडवून घेतला आणि शाळेत हजेरीला उभं राहावं तशी ती उभी राहिली.

"मीच शे," ती म्हणाली.